मागच्या रांगेतला भीम

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डोंबिवली एमआयडीसीतल्या एका नाल्याला लाल पाणी आलं.

आदल्या दिवशी सोनं वाटून दमलेली माणसं ब्रश तोंडात धरून गॅलरीत आली आणि तशीच उभी राहिली. कोणी व्हिडिओ काढला, कोणी ओळखीच्या पुढाऱ्याला फोन लावला. लाल पाण्याचा माग काढायला हुशारी लागली नाही. तो सरळ सुरंगी डायकेम या रंगाच्या कारखान्याच्या मागच्या भिंतीपाशी संपत होता.

भिंतीच्या आत तीन नंबरच्या टाकीचा तळाचा व्हॉल्व्ह सताड उघडा होता. कच्च्या रंगाची अख्खी टाकी वाहून गेली होती. व्हॉल्व्हशेजारी कारखान्यातला सर्वांत मोठा पाना पडला होता. कामगार त्याला भीम म्हणत. त्याच्या दांड्यावर खंडेनवमीच्या पूजेचं हळदकुंकू होतं, आणि तो असायचा शिफ्ट इन्चार्ज शिवानी शेलारच्या ताब्यात.

एवढं कळल्यावर गुन्हेगार सापडायला कंपनीला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही.

बाळकुमच्या उंच टॉवरमध्ये सुहासिनी कर्णिकांचा फोन वाजला. सुहासिनीबाई कामगार खात्यातून निवृत्त झालेल्या. आता कंपन्यांच्या अंतर्गत चौकशा करत. खात्यात असताना त्यांची बदली वरचेवर व्हायची. कारण विचारलं की वरचे लोक फक्त ‘स्वभाव’ एवढंच म्हणत.

“मॅडम, मुकुल बोलतोय, सुरंगीचा जनरल मॅनेजर. छोटंसं काम आहे. कल्प्रिट मिळालेली आहे, फक्त तुमचा रिपोर्ट पाहिजे. संध्याकाळपर्यंत झाला तर बेस्ट.”

“सही हवी असेल तर शिक्का करून घ्या,” सुहासिनीबाई म्हणाल्या. “मी हवी असेन तर गाडी पाठवा.”

मुकुलने गाडी पाठवली. पुढे त्याला त्याचा पश्चात्ताप झाला, पण ते नंतर.

*

पूजा पॅकिंगच्या शेडमध्ये मांडली होती आणि अजून तशीच होती. लाल पाण्याच्या गडबडीत उत्तरपूजा राहूनच गेली होती. सुहासिनीबाईंनी शेडला कुलूप लावायला सांगितलं आणि चौकशी तिथेच करायची ठरवली. एकेकाला, एकट्याला.

लांब टेबलावर पांढरं कापड. पुढच्या रांगेत मुकुलचा लॅपटॉप, कंपनीच्या गाड्यांच्या किल्ल्या, अकाउंट्सचा कॅल्क्युलेटर. मागच्या रांगेत पाने, हातोड्या, स्क्रू ड्रायव्हर, कँटीनचा झारा. सगळ्यांवर हळदकुंकू, झेंडू, अक्षता. बाजूला अक्षतांची वाटी. हळद इतक्या सढळ हाताने उधळली होती की कापड पिवळंच दिसत होतं.

मागच्या रांगेत एक जागा रिकामी होती. हळदीत भीमाचा पांढरा आकार स्वच्छ उमटला होता. सुहासिनीबाई वाकल्या. आकाराच्या एका कडेला, टेबलाच्या लांबीच्या दिशेने, बोटभर रुंदीची हळद पुसली गेली होती. बाकी सगळीकडे कडा शाबूत.

शेजारी एक छोटा पाना वाकडा पडला होता. त्याच्यापासून टेबलाच्या काठापर्यंत हळदीत लांब फराटा होता, फूल खाली पडलेलं आणि कुंकवावर ग्रीसचा अंगठा.

मुकुल पहिला आला. तिशीतला, मालकांचा पुतण्या, नवे कोरे बूट.

“काय पाहताय, मॅडम? डेकोरेशन?”

“लॅपटॉप पुढे कसा?”

“फोटो कंपनीच्या पेजवर जाणार होता. गंजलेले पाने पुढे ठेवून कोणी फोटो काढतं का? त्यावरूनही शेलारने तमाशा केला. म्हणे, ज्यांच्यावर कारखाना चालतो ती हत्यारं पुढे ठेवा.”

“तिच्यावर राग आहे तुमचा.”

“डोक्याला ताप आहे ती. पण काम करते, म्हणून काका तिला डेप्युटी मॅनेजर करणार होते. आज अनाउन्स होतं. वर्षाखेरीला वर्क्स मॅनेजर दळवी रिटायर होतायत, मग त्यांची जागा तिचीच.”

“आणि तिला नाही केलं तर?”

“मग काय, दळवींनाच एक्स्टेन्शन देऊ. दुसरा माणूस कुठे आहे तयार?”

सुहासिनीबाईंनी चष्मा काढला. “अहो, याचा स्क्रू ढिला झालाय. तो छोटा स्क्रू ड्रायव्हर देता?”

मुकुलने डाव्या हाताने टेबलावरून स्क्रू ड्रायव्हर ओढला आणि दिला. झेंडूचं फूल घरंगळत त्याच्या नव्या बुटावर पडलं. त्याने ते पायानेच झटकलं.

“पूजेबद्दल तुम्हाला काय माहिती आहे?”

“प्रसादाला काजूकतली होती,” मुकुल म्हणाला.

तो गेल्यावर सुहासिनीबाईंनी स्क्रू ड्रायव्हर जागेवर ठेवला, फूल वर ठेवलं आणि चष्म्याचा स्क्रू नखाने पुन्हा ढिला केला.

*

शिवानी शेलार आत आली तेव्हा तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत लाल होते. कळव्याच्या चाळीत वाढलेली, अंगाने काटक. डोळे रडून सुजले होते, पण मान ताठ होती.

“हात कसे रंगले?”

“व्हॉल्व्ह बंद केला म्हणून. सकाळी सगळे कडेला उभे राहून मोबाईल काढत होते. मी आत उतरले, भीम तिथेच पडलेला, तोच लावला आणि बंद केला. व्हॉल्व्हचं झाकण सांडलेल्या रंगात पडलेलं, ते हातांनी चाचपून काढलं. बूट पण गेले.”

“ज्याने उघडला त्याचेही हात असे होतील?”

“हात नाही. भीमाचा दांडा लांब आहे. पण उघडल्या उघडल्या धार खाली आपटते. पाय वाचत नाहीत, मॅडम. आणि हा रंग चामडीवर लागला की आठ दिवस हलत नाही, काहीही चोळा.”

“व्हॉल्व्हला फिरवायचं चक्र का नाही?”

“तुटलंय. कधीचं तुटलंय. नवीन बसवा म्हणून मी ओरडून ओरडून थकले. मुकुल सर म्हणतात, भीम आहे ना, चालतंय ना.”

“खंडेनवमीला काय झालं?”

शिवानी पहिल्यांदा थोडी हसली. “आरती चाललेली आणि तिकडे पंप गळायला लागला. मी टेबलावरून माझा छोटा पाना उचलला आणि गेले. दळवी साहेब केवढ्यांदा ओरडले! उत्तरपूजा झाल्याशिवाय हत्यार हलवायचं नाही. मी म्हटलं, साहेब, देव थांबेल, गळती थांबणार नाही. पंप आवळला, पाना परत आणून ठेवला. तेव्हापासून मी नास्तिक, उद्धट, सगळं काही. आता त्यावर हे.”

“तुम्ही गेलात तेव्हा मागे कोण होतं?”

“दळवी साहेब, मुकुल सर, सुदेश. तिघंही होते. भीम टेबलावर होता.”

“कंपनी काय म्हणतेय?”

“माफी लिहून द्या, राजीनामा द्या, पोलिसात जाणार नाही. मॅडम, आज माझं प्रमोशन होतं. माझ्या आईने साखर आणून ठेवलेली वाटायला. हे नाव लागलं की एमआयडीसीत एकाही गेटातून मला आत घेणार नाहीत.”

“मग देणार माफी?”

“हे हात कोपरापर्यंत रंगवले तरी नाही देणार.”

सुहासिनीबाईंना ती मुलगी आवडली. म्हणूनच त्यांनी स्वतःला दटावलं. आवडलेल्या माणसाचीच तपासणी जास्त कडक करावी लागते.

“तो स्क्रू ड्रायव्हर द्या जरा.”

शिवानीने सरळ उचलून दिला. वर चष्मा मागून घेतला आणि स्क्रू स्वतःच आवळून दिला.

*

सुदेश घाडी दुसऱ्या पाळीचा इन्चार्ज. मालवणकडचा, कपाळावर टिळा, पायात रबरी चपला.

“शिवानीच्या आधीपासून तुम्ही इथे आहात?”

“तिच्या आधीपासून. तिला मी भीम उचलताना हसलेलो. म्हटलेलं, ही काय करणार. आता माझीच साहेब होणार होती.”

“राग आला?”

“आला ना. खोटं कशाला बोलू? रागाने मी जेवलो नाही त्या दिवशी.”

“तुमचा उपासच होता ना?”

सुदेश ओशाळला. “ते पण आहे. नऊ दिवस उपास आणि नऊ दिवस अनवाणी. आईचा नवस आहे. कारखान्यात पण अनवाणीच. शिवानी रोज भांडायची, बूट घाल म्हणून. काल संध्याकाळी पायात चप्पल घातली.”

“चपला काढा बघू.”

“काय?”

“तळपाय दाखवा.”

सुदेशला राग आला, पण त्याने पाय वर केला. तळव्यांना नऊ दिवसांच्या भेगा होत्या, भेगांत धूळ होती. लाल ठिपका एकही नव्हता.

“बरं. आता तो स्क्रू ड्रायव्हर तेवढा द्या. माझा चष्मा...”

“नाही, मॅडम.”

“नाही?”

“उत्तरपूजा झाली नाही. मी हात लावणार नाही. तुम्हाला पाहिजे तर बाहेरून नवीन आणून देतो.”

“आणि शिवानीने पाना उचलला होता, तेव्हा?”

“तेव्हा मी डोळे मिटून घेतलेले,” सुदेश म्हणाला. मग हळूच, “पण पंप वाचला, ते खरं.”

*

उत्तम दळवी शेवटी आले. वर्क्स मॅनेजर. पांढरा शर्ट, नीट विंचरलेले पांढरे केस, आवाजात वर्षानुवर्षं ऐकून घेतलं जाण्याची सवय. चालताना त्यांचे बूट करकर वाजत होते.

“नवे बूट?”

“दसऱ्याची खरेदी. मुलाने घेऊन दिले.”

“शिवानीबद्दल काय सांगाल?”

“मीच तिला शिकवली. भीम कसा धरायचा, जोर खांद्याचा लावायचा की कमरेचा, सगळं मी दाखवलं. हुशार आहे. पण हुशारी डोक्यात गेली की माणूस कशालाच मानत नाही. भर आरतीत तिने पूजेतलं हत्यार ओढलं. ज्या हाताला तिथे लाज वाटली नाही, तो पुन्हा टेबलाकडे जायला कचरेल का? आणि हात पाहिलेत तिचे?”

“पाहिले. पूजेला कोण बसतं?”

दळवींची छाती किंचित फुगली. “मी. हा कारखाना उभा राहिला तेव्हापासून. मालक मुंबईला असतात. इथला मान माझा.”

“पुढच्या वर्षी?”

टेबलावरचं एक सुकलेलं पान दळवींनी उचलून खिशात टाकलं.

“तुमच्या मते तिने हे का केलं?”

“लॅपटॉप पुढे ठेवला याचा राग. मुकुलला अद्दल घडवायची होती.”

“ज्या दिवशी स्वतःचं प्रमोशन, त्याच्या आदल्या दिवशी?”

“राग आला की माणसाला कुठे सुचतं,” दळवी शांतपणे म्हणाले.

सुहासिनीबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “हा स्क्रू माझा जीव घेणार आज. तेवढा स्क्रू ड्रायव्हर देता, दळवी?”

“अवश्य.”

दळवींनी उजवा हात वाटीत घातला, चिमूटभर अक्षता स्क्रू ड्रायव्हरवर वाहिल्या, दोन बोटांनी तो जागच्या जागी बाजूला सरकवला, मग अलगद उचलून दोन्ही हातांनी पुढे धरला. हे सगळं त्यांनी सुहासिनीबाईंशी डोंबिवलीच्या रस्त्यांबद्दल बोलत बोलत केलं.

“धन्यवाद,” सुहासिनीबाई म्हणाल्या. या वेळी त्यांनी स्क्रू खरोखरच घट्ट आवळला.

*

संध्याकाळ व्हायच्या आत सगळे शेडमध्ये जमले. दारात कामगारांची गर्दी झाली. मुकुलने त्यांना हाकलायला हात वर केला.

“राहू द्या,” सुहासिनीबाई म्हणाल्या. “मुलीची बदनामी सगळ्यांसमोर झाली. उरलेलंही सगळ्यांसमोर होऊ दे.”

“मॅडम, रिपोर्ट...”

“तोच देतेय. आधी हे टेबल पाहा. हा छोटा पाना शिवानीने आरतीच्या वेळी उचलला. कसा उचलला ते कापड सांगतंय. सरळ स्वतःकडे ओढला. काठापर्यंत फराटा आहे. घाईतला माणूस असाच उचलतो. मुकुल, तुम्हीही सकाळी माझ्यासमोर स्क्रू ड्रायव्हर असाच ओढलात आणि फूल पायावर पाडलंत.”

मुकुलने बुटाकडे पाहिलं.

“आता भीमाची जागा पाहा. एवढं जड हत्यार, पण कुठे फराटा नाही. फक्त एका बाजूला बोटभर हळद पुसलेली. म्हणजे कोणीतरी तो आधी जागच्या जागी किंचित सरकवला आणि मग वर उचलला. चोराला हा उद्योग कशाला सुचेल?”

गर्दीत कुजबुज झाली. जुन्या माणसांच्या लक्षात आलं होतं.

“उत्तरपूजेत आपण हेच करतो. अक्षता वाहतो आणि वस्तू जराशी हलवतो. मग ती पूजेतून मोकळी होते, कामाला लागते. ज्याने भीम नेला, त्याने आधी त्याची उत्तरपूजा केली. टाकी रिकामी करताना तो कचरला नाही, पण पूजेतलं हत्यार तसंच उचलायला तो धजावला नाही. शिवानी असती तर? तिने भर आरतीत, तुम्हा सगळ्यांच्या देखत, न विचारता पाना उचललाय. ती एकटी असताना कोणासाठी अक्षता वाहील? ज्या गोष्टीसाठी तुम्ही तिला गुन्हेगार ठरवलंत, तीच गोष्ट तिला सोडवतेय.”

शिवानीने लाल हात पाठीमागे घेतले होते, ते तिने पुढे आणले.

“मुकुलना उत्तरपूजा म्हणजे काय हेच ठाऊक नाही. राहिला सुदेश. श्रद्धा आहे, रागही होता. पण तो हत्याराला हातच लावत नाही. माझ्या चष्म्यासाठीही लावला नाही. शिवाय काल तो अनवाणी होता, संध्याकाळनंतर फार तर चपलेत. टाकीची धार पायावर पडल्यावाचून व्हॉल्व्ह उघडत नाही, आणि त्याचे तळवे कोरडे आहेत. मग पूजा मोकळी करायचा हक्क आपलाच, असं मानणारा कोण? जो पूजेला बसतो तो.”

सगळ्यांची तोंडं दळवींकडे वळली.

“ही सवय आहे माझी,” दळवी म्हणाले. आवाज अजून शांत होता. “आयुष्यभराची. सवयीवरून तुम्ही मला चोर ठरवणार?”

“सवयीवरूनच. माणूस खोटं बोलायला शिकतो, सवयीला शिकवायचं राहून जातं. पण तेवढ्यावर मी थांबणार नाही. कारखान्यात कंपनीचे काळे जाड बूट घालायचा नियम आहे, आणि त्यावरूनच शिवानी सुदेशशी रोज भांडायची. तुमचे ते बूट कुठे आहेत?”

“जुने झाले होते. टाकले.”

“कुठे?”

“आता आठवत नाही.”

“मोजे काढा, दळवी. पाय दाखवा. कोरडे असतील तर मी इथे सगळ्यांसमोर तुमची माफी मागेन.”

दळवी हलले नाहीत. नव्या बुटांची करकरसुद्धा झाली नाही.

“साहेब,” शिवानी म्हणाली, “काढा ना. आठ दिवस राहतो हा रंग. तुम्हीच शिकवलंय मला.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि तेच दळवींना सोसलं नाही. ते खुर्चीत बसले.

“मला वाटलं, टाकीखालच्या खड्ड्यात साठेल,” ते म्हणाले. “बाहेर जाईल असं वाटलं नव्हतं. खड्डा आधीच भरलेला होता, ते माहीत नव्हतं.”

“आणि भीम मुद्दाम तिथे टाकलात.”

“तिचं नाव यावं म्हणून.” ते आता कोणाकडेच पाहत नव्हते. “डेप्युटी नसला तर मी राहिलो असतो. घरी जाऊन काय करू? इथे मी आलो की माणसं उठून उभी राहतात. पूजेला मी बसतो. ती बसली असती माझ्या जागी, आरती सोडून पंप बघायला जाणारी!”

“देवाची परवानगी घेतलीत भीम उचलायला,” सुहासिनीबाई म्हणाल्या. “जिची नोकरी घेत होतात, तिला विचारलंत?”

शिवानीच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते तिने खांद्याला पुसलं, हात लाल होते म्हणून.

*

मुकुलने सुहासिनीबाईंना बाजूला घेतलं. आवाज एकदम मऊ झाला होता.

“मॅडम, ब्रिलियंट. पण आता प्रॅक्टिकल बघू. दळवी गुपचूप राजीनामा देतील. शेलारलाही आपण दुसरीकडे चांगली जागा बघू. रिपोर्टमध्ये ‘तांत्रिक बिघाड’ लिहिलं की कंपनीचं नाव वाचलं. तुमची पुढची कामंही...”

“तांत्रिक बिघाड आहेच,” सुहासिनीबाई मोठ्याने म्हणाल्या, दारापर्यंत ऐकू जाईल इतक्या. “तुटलेलं चक्र तुम्ही बसवलं नाहीत, तो बिघाड. तोही लिहिणार आहे. एका पान्याने नाला लाल होऊ शकतो, ही सोय दळवींना तुम्ही करून दिलीत. पुढची कामं नका देऊ. माझ्या बदल्या तुमच्यापेक्षा मोठ्या लोकांनी केल्यात.”

“आणि मी दुसरीकडे जाणार नाही,” शिवानी म्हणाली. ती त्यांच्या मागेच येऊन उभी होती. “मी इथेच राहणार. प्रमोशन द्यायचं की नाही ते तुमचे काका ठरवतील. पण पहिलं ते चक्र बसवणार. आजच.”

“आज कसं? पाने सगळे पूजेत...”

शिवानी टेबलाकडे वळली. व्हॉल्व्हपाशी पडलेला भीम कोणीतरी पुसून दाराशी आणून ठेवला होता. तिने तो दोन्ही हातांनी उचलला. मागच्या रांगेत ठेवला नाही. पुढच्या रांगेतला लॅपटॉप तिने उचलून मागे, झाऱ्याच्या शेजारी ठेवला आणि त्याच्या जागी भीम आडवा केला.

मग ती थांबली. तिला हवं असतं तर तिने सगळे पाने तसेच उचलले असते. पण तिने सुदेशकडे पाहिलं.

“सुदेश, तू कर रे उत्तरपूजा. तुझं मन त्याशिवाय कामाला लागणार नाही. मी थांबते.”

सुदेश चपला काढून पुढे आला. पूजेला दळवी बसले होते, त्याचा हक्क नव्हता, हे त्याला माहीत होतं आणि दारातल्या प्रत्येकाला माहीत होतं. कोणी हरकत घेतली नाही. त्याने अक्षता घेतल्या. आधी भीमाला वाहिल्या, दोन बोटांनी तो सरकवला आणि उचलून शिवानीच्या लाल हातांत दिला.

“घ्या, साहेब,” तो म्हणाला.

मग छोटा पाना. मग हातोड्या. कामगार एकेक करून आत आले आणि आपापलं हत्यार घेऊन टाकीकडे निघाले. 

“अरे, माझा लॅपटॉप दे आधी,” मुकुल घाईने म्हणाला. “काकांना मेल करायचाय.”

सुदेशने अक्षतांची वाटी खाली न ठेवता मागच्या रांगेकडे एकदा पाहिलं.

“थांबा, सर. तुमचा नंबर झाऱ्यानंतर.”